पिशाचाचा पंचनामा



आजचा विषय वाचून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल, काहींना हसूही आले असेल. वसंतातल्या या ज्ञानसत्रात भुताखेतांना आमंत्रण कोणी दिले, असे कोणी विचारल्यास त्यात वावगे काही नाही. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला भूत वर्ज्य नसते. भूत खरे की खोटे, हा त्याचा प्रश्नच नव्हे. माणसांनी ते खरे मानले आणि त्या समजुतीपायी हातून काही कृत्ये केली, एवढे झाले की ते भूत इतिहासाच्या कक्षेत येते. युरोपातले रक्तपिपासू पिशाच, ज्याला 'व्हॅम्पायर' म्हणतात, ते तर या कक्षेत सरकारी कागदपत्रे बरोबर घेऊनच आले आहे. त्याच्यावर तारखा आहेत, साक्षीदार आहेत, वैद्यांच्या सह्या आहेत.

या कागदपत्रांतले पिशाच आणि चित्रपटात दिसणारे पिशाच यांचे परस्परांशी काडीइतके साम्य नाही. पडद्यावर तो काळा झगा घातलेला, किल्ल्यात राहणारा उमराव असतो. कागदांत तो खेड्यातला शेतकरी, शिपाई, नाहीतर बाळंतपणात दगावलेली सून असतो. चित्रपटाच्या इतिहासात या मूळ कागदांच्या अगदी जवळ गेलेली जी मोजकी उदाहरणे आहेत, त्यांत जॉर्ज रोमेरो या अमेरिकन दिग्दर्शकाच्या 'मार्टिन' या चित्रपटाला मी अग्रमान देतो. या चित्रपटाबद्दल बोलायचे, तर आधी ते कागद उलगडले पाहिजेत.

त्याही आधी एक खुलासा. आपल्याकडे व्हॅम्पायरचे भाषांतर पुष्कळदा 'वेताळ' असे केले जाते. रिचर्ड बर्टन या इंग्रजाने १८७० मध्ये वेताळपंचविशीतील कथा इंग्रजीत आणल्या, तेव्हा वेताळाला त्याने व्हॅम्पायरच करून टाकले. वास्तविक आपला वेताळ प्रेतात शिरतो, झाडाला लोंबकळतो, राजाला कोडी घालतो. कोकणात आणि गोव्यात तर तो गावाची राखण करणारा देव आहे. रक्त पिण्याचा धंदा त्याचा नव्हे. तेव्हा आज त्याला आपण त्याच्या देवळात सुखाने राहू द्यावे.

मेद्वेजाचा कागद

१७१८ च्या पासारोविट्सच्या तहाने तुर्कांकडून उत्तर सर्बियाचा मुलूख ऑस्ट्रियाकडे आला. १७३९ मध्ये तो परत गेला. मधल्या वीस-एकवीस वर्षांत जर्मन बोलणारे कारकून, सेनाधिकारी आणि शस्त्रवैद्य या मुलखात नेमले गेले, आणि तेथल्या खेड्यांत पूर्वापार चालत आलेली एक चाल त्यांच्या दृष्टीस पडली. गावात लागोपाठ माणसे मरू लागली, की गावकरी अलीकडे मेलेल्या एखाद्याची कबर उकरीत. प्रेत सडलेले नसले तर तेच या मृत्यूंचे मूळ, असे ठरवून त्याच्या छातीत खुंटा ठोकीत आणि ते जाळून टाकीत.

१७२५ मध्ये किसिलेवो या गावी पेतार ब्लागोयेविच नावाचा शेतकरी मरण पावला. पुढे आठ दिवसांत नऊ माणसे दगावली. गावकऱ्यांनी फ्रॉम्बाल्ड या अधिकाऱ्याला गाठून सांगितले, की प्रेत उकरण्याची परवानगी द्या, नाहीतर आम्ही गाव सोडून जातो. वरिष्ठांचा हुकूम येईपर्यंत थांबायला ते तयार होईनात. अधिकारी बिचारा धर्मगुरूला बरोबर घेऊन गेला, जे घडले ते त्याने पाहिले आणि अहवाल लिहिला. त्या अहवालाच्या शेवटी तो म्हणतो, की यात काही चूक झाली असल्यास ती माझ्या माथी मारू नये, भीतीने बेभान झालेल्या जमावाच्या माथी मारावी. सरकारी नोकराची ही भाषा आपल्याला अनोळखी वाटू नये.

याहून प्रसिद्ध कागद १७३२ चा आहे. मोरावा नदीकाठच्या मेद्वेजा गावात तीन महिन्यांत सतरा माणसे मेली. प्रथम ग्लासर नावाचा साथरोगांचा वैद्य तेथे गेला. त्याला साथीची लक्षणे दिसली नाहीत. निकृष्ट अन्न आणि धर्मातले कडक उपास यांनी माणसे खंगली आहेत, असे त्याचे मत पडले. गावाचे मात्र समाधान झाले नाही. मग बेलग्रेडच्या वरिष्ठांनी योहान फ्ल्यूकिंगर या पलटणीच्या शस्त्रवैद्याला पाठविले. त्याच्या अहवालाचे लॅटिन नाव आहे 'व्हिसुम एट रेपेर्टुम', म्हणजे 'पाहिले आणि आढळले'. आपण याला सरळ पंचनामा म्हणू.

हा पंचनामा वाचताना अंगावर काटा येतो, पण तो पिशाचामुळे नव्हे. गावकऱ्यांच्या सांगण्याप्रमाणे आर्नोल्ड पाओले नावाचा शिपाई काही वर्षांपूर्वी गवताच्या गाडीवरून पडून मान मोडून मेला होता. जिवंतपणी आपल्याला तुर्की मुलखात एका पिशाचाने छळले होते, असे तो म्हणत असे. तेवढे पुरे झाले. आता नव्या मृत्यूंचे खापर त्याच्या परंपरेवर फुटले. कबरी उकरल्या गेल्या. मिलित्सा नावाची साठीतली बाई जन्मभर काटकुळी होती. कबरीत ती अंगाने भरलेली दिसली, याचे गावकऱ्यांना मोठे नवल वाटले. स्ताना नावाची वीस वर्षांची मुलगी बाळंतपणात गेली होती. तिच्या छातीत पातळ रक्त आढळले. जी प्रेते सडली होती ती परत पुरली. जी सडली नव्हती त्यांची मुंडकी तोडून, देह जाळून राख मोरावेत सोडण्यात आली. खाली वैद्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या सह्या आहेत.

जे पाहिले ते त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले आहे. त्यांचा दोष डोळ्यांचा नव्हता, अर्थ लावण्याचा होता. पॉल बार्बर या अमेरिकन अभ्यासकाने १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या निरीक्षणांचा एकेक करून उलगडा केला. प्रेतात वायू साठून ते फुगते, म्हणून काटकुळी बाई भरलेली दिसते. गोठलेले रक्त पुन्हा पातळ होऊ शकते आणि फुगलेल्या देहाच्या दाबाने तोंडाशी येते. वरची कातडी व नखे गळून पडली, की खालचा भाग नव्यासारखा दिसतो. खुंटा ठोकताच आतला वायू कंठातून बाहेर पडतो, तो कण्हण्यासारखा ऐकू येतो. थंडीत आणि खोल जमिनीत प्रेत सावकाश सडते. सगळी प्रेते एका मापाने सडत नाहीत, इतकाच काय तो चमत्कार.

दरबारी वैद्याचा निवाडा

हे कागद वृत्तपत्रांतून युरोपभर पसरले, आणि १७३२ मध्येच 'व्हॅम्पायर' हा शब्द इंग्रजी वृत्तपत्रांत झळकला. १७५५ मध्ये सायलेसिया आणि मोराव्हिया यांच्या सीमेवरील हर्मर्सडॉर्फ येथे रोझिना पोलाकिन या मृत स्त्रीची अशीच विटंबना झाली. तेव्हा सम्राज्ञी मारिया थेरेसाने आपला राजवैद्य गेरार्ड फान स्वीटेन याचा सल्ला घेतला. सडण्याची क्रिया हवा, थंडी आणि माती यांवर अवलंबून असते, आणि बाकी सारे अज्ञानाचे खेळ आहेत, असा त्याचा निर्वाळा होता. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात फर्मान निघाले: अशी प्रकरणे चर्चने परस्पर निकालात काढू नयेत, सरकारला कळवावी, वैद्याकडून तपासून घ्यावी. प्रेतांचा छळ बंद व्हावा हा हेतू होता, आणि राज्ययंत्रणेपुरता तो बराच साधला.

पण फर्मानाने जमिनीवरचे प्रश्न सुटत नाहीत. गावात पोरे का मरत आहेत, याचे उत्तर मारिया थेरेसाकडे नव्हते आणि फान स्वीटेनकडेही नव्हते. चुकीचे उत्तर काढून घेतले, पण बरोबर उत्तर हाती दिले नाही, तर रिकामी जागा फार दिवस रिकामी राहत नाही. याचा पुरावा सव्वाशेहून अधिक वर्षांनी, समुद्रापलीकडे, अगदी सुशिक्षित प्रदेशात मिळाला.

एक्झेटरची थंडी

अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यात एक्झेटर गावी ब्राउन नावाचे शेतकरी कुटुंब होते. घरात क्षयाने ठाण मांडले. १८८३ च्या डिसेंबरात आई गेली, पुढल्या वर्षी थोरली मुलगी गेली. काही वर्षांनी मुलगा एडविन आजारी पडला. हवापालटासाठी तो कोलोरॅडोला जाऊन आला, पण गुण येईना. १८९२ च्या जानेवारीत एकोणीस वर्षांची मर्सी गेली. शेजाऱ्यांनी बापाचा पिच्छा पुरवला, की गेलेल्या तिघींपैकी कोणीतरी एडविनचे रक्त शोषीत आहे, कबरी उघडून पाहा.

१७ मार्च १८९२ रोजी त्या उघडण्यात आल्या. आई आणि थोरली बहीण यांचे सांगाडे उरले होते. मर्सीचा देह मात्र जवळजवळ जसाच्या तसा होता, आणि हृदयात रक्त होते. तो कडक हिवाळा होता, आणि मर्सीला जाऊन दोन महिनेच झाले होते. हजर असलेल्या डॉक्टरने सांगितले की यात अनैसर्गिक काही नाही, आणि फुप्फुसात क्षयाच्या खुणा दिसत आहेत. ऐकतो कोण? हृदय आणि यकृत एका खडकावर जाळले आणि ती राख एडविनला औषध म्हणून पाजण्यात आली. २ मे १८९२ रोजी एडविन वारला.

आता एक तारीख आपण ध्यानात ठेवावी. रॉबर्ट कॉख याने क्षयाचा जंतू बर्लिनमध्ये २४ मार्च १८८२ रोजी जगापुढे मांडला होता. एक्झेटरची कबर उघडली तेव्हा त्या शोधाला दहा वर्षे पुरी व्हायला एकच आठवडा उणा होता. ज्ञान जन्मले होते, पण त्या ज्ञानातून औषध निघाले नव्हते. क्षयावर गुणकारी औषध मिळायला १९४० नंतरचा काळ उजाडावा लागला. तेव्हा त्या बापाला मूर्ख म्हणून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. गावाने काढलेले नाव चुकीचे होते, आणि नाव चुकले की औषध चुकते. पण काहीतरी केलेच पाहिजे ही त्याची तळमळ खोटी नव्हती. या साऱ्या प्रकरणाचे दुःख नेमके येथे आहे.

शेतकऱ्याचा उमराव झाला

इकडे साहित्यात वेगळाच प्रकार घडत होता. १८१९ मध्ये जॉन पोलिडोरी याने आपल्या कथेत पिशाचाला लॉर्ड बनवले. १८९७ मध्ये ब्रॅम स्टोकरने त्याला काउंट ड्रॅक्युला केले. खेड्यातला मेलेला शेतकरी सरदारकीला चढला, आणि त्याबरोबर कथेचा भारही सरकला. कागदांत भीती होती ती आपल्याच घरच्या माणसाची, आपल्याच आईची, बहिणीची. कादंबरीत भीती परदेशातून जहाजाने येते.

चित्रपटाने हाच वारसा उचलला. १९२२ मध्ये मुर्नाऊ या जर्मन दिग्दर्शकाने 'नोस्फेराटू' काढला. स्टोकरच्या विधवेने परवानगी न घेतल्याबद्दल खटला भरला आणि चित्रपटाच्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम मिळवला. तरी काही प्रती वाचल्या. त्यातला पिशाच उंदीर आणि प्लेग घेऊन येतो, म्हणजे रोगाची जुनी आठवण तेथे शाबूत आहे. मात्र सूर्यप्रकाशाने पिशाच मरते ही कल्पना या चित्रपटाने रूढ केली. स्टोकरचा ड्रॅक्युला दिवसाही हिंडतो. १९३१ मध्ये बेला लुगोसी आणि १९५८ मध्ये ख्रिस्तोफर ली यांनी ड्रॅक्युलाला झगा, दात आणि दिमाख दिला. प्रेक्षकांना कोडे उरले ते एवढेच: याला मारायचे कसे? मेद्वेजाचा प्रश्न, म्हणजे आमची माणसे का मरतात, हा पडद्यावरून हद्दपार झाला.

ब्रॅडक गावचा मार्टिन

रोमेरोने तो प्रश्न परत आणला, आणि त्यासाठी जागाही नेमकी निवडली. पेनसिल्व्हेनियात पिट्सबर्गजवळ ब्रॅडक नावाचे गाव आहे. अँड्र्यू कार्नेगीचा पोलादाचा मोठा कारखाना १८७५ मध्ये येथे सुरू झाला, आणि त्याने अमेरिकेत उभारलेले पहिले सार्वजनिक ग्रंथालयही याच गावात आहे. भट्ट्यांवर राबायला स्लोव्हाक, हंगेरियन, क्रोएशियन, लिथुएनियन माणसे आली. म्हणजे ज्या युरोपात हे पिशाच जन्मले, त्याच बाजूची. १९२० साली गावाची वस्ती वीस हजारांवर होती. पुढे पोलादाचा धंदा बसत गेला, तशी माणसे निघून गेली, दुकानांना टाळी लागली. २०२० च्या शिरगणतीत ती दोन हजारांच्याही आत आली. १९७६ च्या सुमारास रोमेरोने येथे थोड्या पैशांत, सोळा मिलिमीटर फिल्मवर, खऱ्या घरांत आणि खऱ्या रस्त्यांवर आपला चित्रपट घेतला. अमेरिकेतील चित्रपटगृहांत तो १९७८ मध्ये आला.

कथा अशी. मार्टिन हा लाजाळू, मुखदुर्बळ तरुण रात्रीच्या आगगाडीने येत आहे. त्याला दात नाहीत, झगा नाही. त्याच्याजवळ इंजेक्शनची सुई आहे आणि दाढीचे पाते आहे. सुईने तो एका स्त्रीला गुंगी आणतो, पात्याने तिची नस कापतो आणि रक्त पितो. हे दृश्य भव्य नाही, मोहकही नाही. झटापट होते, ती स्त्री विरोध करते, औषध चढायला वेळ लागतो. आपण पाहतो तो एक खून आहे, आणि दिग्दर्शक तो खून म्हणूनच दाखवतो.

ब्रॅडकला त्याला घ्यायला त्याचा म्हातारा नातेवाईक कूडा आला आहे. हा लिथुएनियाकडचा, कट्टर कॅथलिक, किराणा-मटणाचा दुकानदार. आमच्या घराण्याला हा शापच आहे, मार्टिन हा नोस्फेराटू आहे, त्याचे वय चौऱ्याऐंशी आहे, अशी त्याची खात्री. आधी तुझा आत्मा तारीन, मग तुला नष्ट करीन, असे तो पोराला तोंडावर सांगतो. दारावर लसूण टांगतो, क्रूस लावतो. मार्टिन लसूण चावून दाखवतो, क्रूस गालाला लावतो आणि म्हणतो, की यात जादू कुठलीच नाही. पण आपले वय चौऱ्याऐंशी आहे, हे मात्र त्यालाही मान्य आहे! लहानपणापासून घरच्यांनी जे नाव दिले, ते त्याने अंगाला लावून घेतले आहे. मधूनमधून काळ्या-पांढऱ्या रंगांत त्याच्या डोळ्यांपुढे दृश्ये येतात: मेणबत्त्या, वाडे, मशाली घेतलेला जमाव. ही जुन्या आयुष्याची स्मृती, की चित्रपट पाहून भरलेल्या डोक्याचा खेळ, हे रोमेरो सांगत नाही. त्याने ते सांगितले असते तर चित्रपट तेथेच संपला असता.

कूडाची नात क्रिस्टीना एवढीच म्हणते, की हा मुलगा आजारी आहे, याला उपचार हवा. तिचे कोणी ऐकत नाही, आणि शेवटी तीही गाव सोडून जाते. चर्चमधला नवा पाद्री म्हाताऱ्याचे बोलणे हसण्यावारी नेतो. मार्टिन रात्री रेडिओवरच्या एका कार्यक्रमाला फोन करून आपली व्यथा सांगतो. निवेदक त्याला 'काउंट' म्हणतो आणि श्रोत्यांची करमणूक करतो. धर्माने त्याला पिशाच ठरवले, रेडिओने सरदार ठरवले. त्याला 'मुला' म्हणून हाक मारणारे कोणी उरले नाही.

पुढे सँटिनी नावाच्या एकाकी गृहिणीशी त्याचे संबंध जुळतात. येथे प्रथमच तो सुईवाचून एखाद्या माणसाजवळ जातो. ती बाई आपल्या दुःखाने खचून आत्महत्या करते. हे कृत्य मार्टिनचेच, असे कूडा धरून चालतो, आणि झोपेतच त्याच्या छातीत खुंटा ठोकतो. नंतर परसात त्याला पुरून वर गवताचे बी पेरतो. ज्यांना मार्टिनने खरोखर मारले, त्यांच्यासाठी त्याला कधी कोणी पकडले नाही. जो मृत्यू त्याच्या हातून झालाच नाही, त्याच्यासाठी तो मेला. आणि रेडिओवर लोक फोन करून काउंटची विचारपूस करीत राहतात.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा, की खुनी माणसाची ही कणव कशाला? आक्षेप रास्त आहे. मर्सी ब्राउन निष्पाप होती, मार्टिन निष्पाप नाही. पण वास्तवाची कसोटी येथेच लागते. रोमेरोने निरपराध पोर आणि अंधश्रद्ध म्हातारा अशी सोपी वाटणी केली असती, तर आपण म्हाताऱ्याला शिव्या देऊन स्वस्थ घरी गेलो असतो. त्याने धोका खरा ठेवला. कूडाची भीतीही खोटी नाही. त्याच्या घरात खरोखरच एक धोकादायक मुलगा आहे. खोटे आहे ते नाव. तो पिशाच आहे असे ठरल्यावर त्याला आवरण्याचे, कोठडीत ठेवण्याचे, वैद्याकडे नेण्याचे सारे मार्ग खुंटतात आणि हातात लाकडी खुंटाच तेवढा राहतो. जे त्याला बळी पडले, त्यांचे प्राणही या चुकीच्या नावाने वाचवले नाहीत. राखेने एडविनला वाचवले नाही, तसेच हे.

दुसरा आक्षेप इतिहासकाराचा. चित्रपट हा काही पुरावा नव्हे, मग इतिहासाच्या व्याख्यानात त्याचे काय काम? १७३२ साली काय घडले हे रोमेरोकडून कळणार नाही, हे मान्य. परंतु आपल्या पंचनाम्यांत एक मोठी उणीव आहे. गावकऱ्यांची जबानी आहे, वैद्याची आहे, अधिकाऱ्याची आहे. ज्याच्यावर आरोप आहे त्याची जबानी नाही, कारण तो मेलेला आहे. मिलित्साला कोणी विचारले नाही, मर्सीला विचारले नाही. सगळा इतिहास आरोप करणाऱ्यांच्या हाताने लिहिला गेला. रोमेरोने हा आरोपी जिवंत कल्पिला, आधुनिक गावात आणून ठेवला, आणि त्याची जबानी घेतली. ती जबानी भरवशाची नाही, तिच्यात भ्रम आहे, लबाडीही आहे. पण पंचनाम्यात जी जागा कोरी राहिली होती, ती कोरी आहे हे तिच्यामुळे दिसते.

मेद्वेजा, एक्झेटर आणि ब्रॅडक या तीन गावांत एक गोष्ट सारखी आहे. तिन्ही ठिकाणी पिशाचाच्या आधी ऱ्हास आला होता. पहिल्यात उपासमार होती, दुसऱ्यात क्षय होता, तिसऱ्यात बसत चाललेले कारखाने होते. गावाचे रक्त कोणीतरी शोषीत आहे, ही जाणीव बरोबर होती. ते कोण, एवढ्याच बाबतीत बोट चुकीच्या दिशेला वळले. उपासमारीच्या छातीत खुंटा ठोकता येत नाही, आणि पोलादाचा बाजारभाव कबरीत सापडत नाही. मेलेली सून सापडते, मुखदुर्बळ पोर सापडते.

म्हणून पुढे कधी पडद्यावर झगा घातलेला काउंट दिसला, तर त्याची मजा अवश्य घ्यावी. करमणुकीला माझी हरकत नाही. मात्र एखाद्या गावाने, घराने किंवा जमावाने एका माणसाकडे बोट दाखवून, आमच्या साऱ्या दुःखाचे मूळ हाच, असे म्हटले, तर आपण फ्ल्यूकिंगरच्या पुढे एक पाऊल टाकावे. काय पाहिले आणि काय आढळले, एवढे लिहून थांबू नये. गावात धान्य किती होते, आजार कोणता होता आणि ज्याच्याकडे बोट आहे त्याचे म्हणणे काय, हेही त्याच पंचनाम्यात लिहावे.